कोळशापासून पेट्रोल: कृत्रिम द्रव इंधनाच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकात द्रव इंधन हे युद्ध, वाहतूक आणि शेती या तिन्ही क्षेत्रांचे अधिष्ठान बनले. तथापि खनिज तेलाचे साठे पृथ्वीच्या पाठीवर समप्रमाणात विभागलेले नाहीत. ज्या राष्ट्रांच्या भूमीत कोळसा विपुल आहे परंतु तेल नाही, अशा राष्ट्रांना कोळशाचे पेट्रोल करण्याच्या कल्पनेने वारंवार आकर्षित केले. हा प्रश्न रसायनशास्त्राने १९१३ ते १९२६ या काळात तत्त्वतः सोडविला. आवश्यक ती यंत्रसामग्री पुढील दहा-बारा वर्षांत प्रत्यक्षात उभी राहिली. असे असूनही जगाच्या एकूण द्रव इंधनातील कृत्रिम इंधनाचा वाटा आजही अत्यल्प आहे. जे तंत्र सिद्ध झाले ते सर्वत्र का रुजले नाही, आणि ज्या मोजक्या ठिकाणी रुजले तेथे कोणत्या परिस्थितीत रुजले, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे.

या विषयावरील लेखन बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने झालेले दिसते. त्यात शोधकांची चरित्रे, उत्प्रेरकांची प्रगती आणि उत्पादनाचे आकडे यांना प्राधान्य मिळते. प्रस्तुत निबंधात मात्र कृत्रिम इंधनाचा उत्पादन खर्च आणि नैसर्गिक तेलाचा बाजारभाव यांतील तफावत केंद्रस्थानी ठेवली आहे. ही तफावत कोणी ना कोणी भरून काढल्याशिवाय असा कारखाना चालत नाही. ती कोणी भरली, स्वेच्छेने भरली की सक्तीने, याचा शोध घेतल्यास या उद्योगाचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कृत्रिम द्रव इंधननिर्मितीच्या दोन प्रमुख पद्धतींचा उगम थोडक्यात मांडणे.
२) जर्मनी, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतील अनुभवांची आर्थिक अंगाने तुलना करणे.
३) या अनुभवांच्या प्रकाशात भारतातील पर्यायी इंधनविषयक धोरणाचा विचार करणे.

दोन पद्धतींचा उगम

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेर्गियुस यांनी १९१३ साली कोळशाच्या हायड्रोजनीकरणाचे पेटंट घेतले. कोळशाची पूड जड तेलात कालवून, सुमारे ४५० अंश सेल्सियस तापमानात आणि २०० वा त्याहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली तिचा हायड्रोजनशी संयोग घडविला असता कोळशाचे द्रवात रूपांतर होते, हे या पद्धतीचे सार होय. उच्च दाबाखालील रसायनप्रक्रियांच्या विकासासाठी १९३१ साली बेर्गियुस आणि कार्ल बॉश यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

दुसरी पद्धत अप्रत्यक्ष आहे. म्युल्हाइम येथील कैसर विल्हेल्म कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५-२६ च्या सुमारास ती मांडली. या पद्धतीत प्रथम कोळशाचा वाफेशी संयोग घडवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण, म्हणजेच संश्लेषण वायू, तयार करतात. नंतर लोह अथवा कोबाल्ट यांसारख्या उत्प्रेरकावरून हा वायू नेऊन त्यापासून द्रव हायड्रोकार्बने मिळवितात. या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व असे की, तिला कच्च्या मालाचे बंधन फारसे नाही. ज्यापासून संश्लेषण वायू करता येतो तो दगडी कोळसा, लिग्नाइट, नैसर्गिक वायू वा जैविक पदार्थ यांपैकी कोणताही पदार्थ तिला चालतो.

दोन्ही पद्धतींत एक अडचण मात्र समान आहे. कोळशात हायड्रोजनचे प्रमाण कमी आणि पेट्रोलात ते अधिक असते. ही उणीव भरून काढण्यासाठी हायड्रोजन बाहेरून तयार करावा लागतो, आणि त्यासाठीही कोळसाच जाळावा लागतो. उच्च दाब सहन करणाऱ्या पोलादी पात्रांचा व वायुनिर्मिती संयंत्रांचा खर्च वेगळाच. विहिरीतून वर येणाऱ्या तेलासाठी निसर्गाने जे काम लाखो वर्षांत करून ठेवले, ते कारखान्यात काही तासांत करून घेण्याचे हे मोल होय.

जर्मनी: हमीभावापासून सक्तीच्या श्रमापर्यंत

डिसेंबर १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आय. जी. फार्बेन या रसायन-उद्योगसमूहाने बेर्गियुस पद्धतीवर मोठी भांडवल गुंतवणूक केली. लॉयना येथील कारखान्यात १९२७ साली लिग्नाइटपासून पेट्रोल निघू लागले. जगातील तेलसाठे लवकरच आटतील आणि तेलाचे भाव चढतील, असा त्या काळी अनेक तज्ज्ञांचा अंदाज होता. अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या कंपनीनेही १९२९ साली जर्मनीबाहेरील हक्कांसाठी सुमारे साडेतीन कोटी डॉलर किमतीचे समभाग आय. जी. फार्बेनला दिले.

हा अंदाज सपशेल चुकला. १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी आली आणि १९३० साली पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलक्षेत्र सापडले. तेलाचे भाव कोसळले. लॉयनाच्या पेट्रोलचा खर्च आयात पेट्रोलच्या भावाच्या कितीतरी पट होता. १९३१-३२ मध्ये हा उपक्रम बंद करावा काय, याचा विचार कंपनीअंतर्गत झाला. परंतु गुंतलेले भांडवल इतके मोठे होते की, कारखाना बंद करणे हे तो चालू ठेवण्याइतकेच तोट्याचे ठरेल, असा निष्कर्ष निघाला. अशा रीतीने खासगी उद्योगाची चुकलेली गणिते सरकारच्या दारात येऊन उभी राहिली. आयात पेट्रोलवरील शुल्कवाढीने काही काळ आधार दिला. कायमचा तोडगा मात्र नव्या राजवटीने दिला.

१४ डिसेंबर १९३३ रोजी नाझी सरकार आणि आय. जी. फार्बेन यांच्यात करार झाला. त्यानुसार लॉयनाचे उत्पादन वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत वाढवायचे होते. मोबदल्यात सरकारने दहा वर्षांसाठी विक्रीची, उत्पादन खर्चाची आणि गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी दिली. भाव प्रतिलिटर १८.५ फेनिग इतका धरण्यात आला. शेतमालाच्या हमीभावाशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास या रचनेचे आर्थिक तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. भेद इतकाच की, येथे हमीचा लाभार्थी युरोपातील एक बलाढ्य उद्योगसमूह होता आणि खरेदीमागील हेतू युद्धसज्जतेचा होता.

सर्वच उद्योजक स्वखुशीने पुढे आले असे नाही. ऑक्टोबर १९३४ मध्ये लिग्नाइट उत्पादक कंपन्यांना एकत्र येऊन ब्राबाग ही कंपनी स्थापन करणे सरकारने भाग पाडले. १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेने इंधन स्वावलंबनास राष्ट्रीय उद्दिष्टाचा दर्जा दिला. १९४४ च्या आरंभी देशात पंचवीस कारखाने चालू होते व त्यांचे उत्पादन दिवसाला सव्वा लाख पिंपांच्या घरात पोहोचले होते. जर्मन हवाई दलाच्या पेट्रोलपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेट्रोल या कारखान्यांतून येत होते.

तथापि या यशाची किंमत केवळ सरकारी तिजोरीने चुकती केली असे म्हणता येणार नाही. युद्धकाळात मजुरांचा तुटवडा भासू लागताच कैद्यांच्या श्रमांचा वापर सुरू झाला. ऑशवित्झजवळ मोनोवित्झ येथे कृत्रिम रबर आणि इंधनाच्या निर्मितीसाठी आय. जी. फार्बेनने प्रचंड कारखाना उभारण्यास घेतला. १९४२ साली त्यास लागूनच छळछावणी उभी राहिली. तेथे सुमारे २५ ते ३० हजार कैदी मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज केला जातो. इतके होऊनही त्या कारखान्यातून कृत्रिम रबर कधीच बाहेर पडले नाही. ब्राबागच्या त्साइट्सजवळील कारखान्यावर बुखेनवाल्ड छावणीचे कैदी राबत होते. पुढे साहित्याचे नोबेल मिळविणारे हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस हे त्यांपैकी एक होते. न्यूरेंबर्ग येथील आय. जी. फार्बेन खटल्यात जुलै १९४८ मध्ये तेरा आरोपींना दोषी ठरविण्यात आले.

या उद्योगाचा लष्करी शेवटही बोधप्रद आहे. १२ मे १९४४ पासून अमेरिकन विमानांनी कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू केले. या कारखान्यांचे विमानासाठीच्या पेट्रोलचे उत्पादन एप्रिलमध्ये १,७५,००० टन होते. ते जुलैत ३०,००० आणि सप्टेंबरमध्ये अवघ्या ५,००० टनांवर आले. आयातीवर अवलंबून राहणे धोक्याचे म्हणून जे कारखाने उभारले, तेच मोजक्या ठिकाणी एकवटल्यामुळे शत्रूचे सर्वांत सोपे लक्ष्य ठरले. स्वावलंबन आणि सुरक्षितता या दोन संज्ञा समानार्थी नाहीत, हे येथे दिसून येते.

अमेरिका: खर्चाच्या आकड्यांवरील वाद

उत्पादन खर्च हा वस्तुनिष्ठ आकडा असतो, या समजुतीस अमेरिकेचा अनुभव छेद देतो. युद्धकाळातील टंचाईच्या पार्श्वभूमीवर एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कृत्रिम द्रव इंधन कायदा संमत केला आणि ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी विभागास पाच वर्षांसाठी तीन कोटी डॉलर मंजूर केले. मिसुरी राज्यातील लुइझियाना या गावी, जुन्या अमोनिया कारखान्याच्या जागेत, १९४९ साली हायड्रोजनीकरणाचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू झाले. युद्धोत्तर जर्मनीतून आलेले शास्त्रज्ञ व कागदपत्रे यांचा या कामी उपयोग करून घेण्यात आला.

अशा पेट्रोलचा खर्च ब्युरोने गॅलनला सुमारे ११ सेंट मांडला. तेल कंपन्यांच्या प्रतिनिधींचा भरणा असलेल्या नॅशनल पेट्रोलियम कौन्सिलने तोच खर्च ४१ सेंटच्या आसपास असल्याचे सांगितले. एकाच पद्धतीच्या खर्चात जवळपास चौपट अंतर पडण्याचे कारण रसायनशास्त्रात शोधून सापडणार नाही. भांडवलावर किती परतावा धरावा, घसारा किती वर्षांत काढावा, उपउत्पादनांना किती भाव मिळेल, कामगारांच्या घरबांधणीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकावा, अशा प्रश्नांची दोन्ही बाजूंची उत्तरे वेगळी होती. म्हणजेच आकडेमोडीपूर्वीच काही निर्णय घेतले गेले होते. १९५३ साली आयझेनहॉवर प्रशासनाच्या काळात हे संयंत्र बंद करण्यात आले. मध्यपूर्वेतील स्वस्त तेल उपलब्ध असताना त्याची गरज कोणास भासली नाही.

१९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर हाच प्रयोग अधिक भव्य प्रमाणात करण्यात आला. जून १९८० मधील ऊर्जा सुरक्षा कायद्यान्वये सिंथेटिक फ्युएल्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. १९८७ पर्यंत दिवसाला पाच लाख आणि १९९२ पर्यंत वीस लाख पिंपे, असे लक्ष्य ठरले. परंतु तेलाचे भाव उतरू लागले. मे १९८२ मध्ये एक्सॉन कंपनीने कोलोरॅडोतील तैलशिला प्रकल्प अचानक बंद केला आणि तेथील दोन हजारांहून अधिक कामगारांचा रोजगार एका दिवसात गेला. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले व त्याच वर्षी महामंडळही गुंडाळण्यात आले. ५० वर्षांपूर्वी लॉयनाने जो अनुभव घेतला होता, त्याचीच ही पुनरावृत्ती होती: टंचाईच्या काळात निर्णय घ्यायचा आणि कारखाना पूर्ण होईपर्यंत टंचाई ओसरलेली असायची.

दक्षिण आफ्रिका: बहिष्कारातील उद्योग

कृत्रिम इंधन दीर्घकाळ टिकवून दाखविणारा देश म्हणून दक्षिण आफ्रिकेचे नाव घेतले जाते. सप्टेंबर १९५० मध्ये सासोल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सासोलबर्ग येथे १९५५ साली फिशर-ट्रॉप्श पद्धतीने इंधननिर्मिती सुरू झाली. खाणीच्या तोंडाशीच कारखाना उभारल्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचला. कोळसा हलक्या प्रतीचा पण अतिशय स्वस्त होता.

हा स्वस्तपणा केवळ भूगर्भाची देणगी नव्हता. खाणीतील बहुसंख्य कामगार कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित होते. १९११ च्या खाणविषयक कायद्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कुशल कामे गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये ट्रान्सवालमधील सार्वत्रिक कामबंद आंदोलनात सहभागी झाल्याबद्दल सेकुंडा येथील सुमारे सहा हजार कामगारांना कंपनीने बडतर्फ केले. वर्णभेद संपुष्टात येत असतानाच, मे १९९३ मध्ये, सेकुंडाजवळील मिडलबुल्ट या कंपनीच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५३ कामगार ठार झाले. 'स्वस्त कोळसा' या शब्दांमागे कोणाचे श्रम होते, हे या नोंदींवरून कळते.

सासोलचा मोठा विस्तार आंतरराष्ट्रीय बहिष्काराच्या दडपणाखाली झाला. १९७३ साली अरब तेल उत्पादकांनी दक्षिण आफ्रिकेचा पुरवठा तोडला. इराणने मात्र तो चालू ठेवला होता. सेकुंडा येथे दुसरा कारखाना उभारण्याचा निर्णय १९७४ साली झाला. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तोही स्रोत बंद झाला आणि तिसऱ्या कारखान्याचा निर्णय तातडीने घेण्यात आला. या विस्तारासाठी इंधनावरील विशेष उपकरातून मोठा निधी उभा करण्यात आला. म्हणजेच प्रत्येक वाहनधारकाने आणि बसने प्रवास करणाऱ्या प्रत्येक मजुराने त्यास हातभार लावला. १ जून १९८० रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने सासोलच्या कारखान्यांवर हल्ला केला. वर्णद्वेषी राजवटीची तग धरण्याची क्षमता कोठे साठवलेली आहे, याची जाणीव तिच्या विरोधकांना होती.

१९७९ साली सासोलचे समभाग खुल्या बाजारात विक्रीस आले, तरी तेलाचा भाव ठरावीक पातळीखाली गेल्यास सरकारी संरक्षण मिळण्याची व्यवस्था पुढेही चालू राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेलाचे भाव चढले, तेव्हा परिस्थिती उलटली. वाईट काळात जनतेने कंपनीस सावरले, तर चांगल्या काळातील अतिरिक्त नफ्यात जनतेचा वाटा का नसावा, असा प्रश्न उपस्थित झाला. सरकारने त्यासाठी समिती नेमली. परंतु २००७ साली असा कर न लावण्याचा निर्णय झाला. सेकुंडा आज जगातील हरितगृह वायूंच्या सर्वांत मोठ्या एकल उत्सर्जन स्थळांमध्ये गणले जाते. ही किंमत अद्याप कोणाच्याही ताळेबंदात पूर्णपणे उतरलेली नाही.

भारतीय संदर्भ

भारतापाशी कोळसा मुबलक आणि तेल अपुरे असल्याने हा इतिहास येथील धोरणकर्त्यांना परका नाही. २००९ साली ओडिशातील दोन कोळसा पट्टे द्रव इंधननिर्मितीसाठी देण्यात आले. त्यांपैकी एक टाटा समूह व सासोल यांच्या संयुक्त कंपनीस मिळाला होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले आणि हे प्रकल्पही थांबले. त्यानंतर २०३० पर्यंत दहा कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट जाहीर झाले व जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तफावत भरून काढण्याचा प्रश्न येथेही आरंभीच उपस्थित झाला, हे उघड आहे.

महाराष्ट्राचा प्रत्यक्ष अनुभव मात्र उसापासूनच्या इथेनॉलचा आहे. इथेनॉल किण्वनाने तयार होते. फिशर-ट्रॉप्श अथवा बेर्गियुस पद्धतीशी त्याचा संबंध नाही. तरीही त्याचे अर्थकारण त्याच जातीचे आहे. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प हाती घेण्यात आले, त्यांत मिरज आणि मनमाड यांचा समावेश होता. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. परंतु खरेदीदर निश्चित नसल्याने तो दीर्घकाळ रखडला. २०१४ नंतर सरकारने दर ठरवून देण्यास सुरुवात केली आणि मगच त्यास गती आली. २०२५ साली वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, आणि आसवनी प्रकल्पांसाठी कर्जे काढलेल्या साखर कारखान्यांची कोंडी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हे निर्बंध उठविण्यात आले. हमीवर उभा राहिलेला उद्योग धोरणाच्या एका आदेशाने कसा डळमळतो, याचे हे घरचे उदाहरण होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कृत्रिम द्रव इंधनाच्या इतिहासात तांत्रिक अपयश हे दुय्यम कारण ठरते. बाजारभाव आणि उत्पादन खर्च यांतील तफावत हेच त्याच्या उदयास्ताचे मुख्य सूत्र आहे.

२) अभ्यासलेल्या तिन्ही देशांत ही तफावत बाजाराबाहेरील घटकांनी भरली. जर्मनीत ती सरकारी हमीने व पुढे कैद्यांच्या श्रमांनी, दक्षिण आफ्रिकेत उपकराने व वर्णभेदी श्रमव्यवस्थेने भरली गेली. अमेरिकेत लोकशाही व्यवस्थेत ती भरण्यास राजकीय इच्छा टिकली नाही आणि उद्योग मावळला. सक्तीच्या राजवटींत हा उद्योग दीर्घकाळ तगला, हा योगायोग मानता येत नाही. तथापि ब्रिटनने १९३४ च्या कायद्यान्वये कर सवलत देऊन बिलिंगहॅम येथील कारखान्यास आधार दिला होता, हे लक्षात घेता केवळ हुकूमशाहीशीच या उद्योगाचे नाते जोडणेही एकांगी ठरेल.

३) खर्चाचे अंदाज हे अंदाज करणाऱ्याच्या हितसंबंधांपासून अलिप्त नसतात. म्हणून अशा प्रकल्पांच्या आकडेवारीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना साधनचिकित्सेचे सर्व नियम लागू करणे आवश्यक आहे.

४) टंचाईच्या काळात घेतलेले निर्णय मुबलकतेच्या काळात फलद्रूप होतात. त्यामुळे हमी देताना तिची मुदत आणि भाव उलटल्यास होणाऱ्या नफ्याची वाटणी या दोन्ही बाबी आधीच ठरविणे इष्ट ठरते.

युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांद्वारे विमान इंधनात कृत्रिम इंधनाचा किमान हिस्सा टप्प्याटप्प्याने अनिवार्य केला आहे. कोळशाऐवजी आता हवेतील वा कारखान्यांतील कार्बन डायॉक्साइड आणि विजेपासून मिळविलेला हायड्रोजन हा कच्चा माल असेल; पण संश्लेषणासाठी फिशर आणि ट्रॉप्श यांचीच पद्धत पुन्हा पुढे येत आहे. या वेळी हेतू युद्धाचा नसून वातावरण रक्षणाचा आहे, ही निश्चितच समाधानाची बाब होय. परंतु हेतू बदलल्याने तफावत नाहीशी होत नाही. ती प्रवाशाच्या तिकिटात जाईल, करदात्याच्या खिशातून जाईल की एखाद्या दूरच्या प्रदेशातील जमीन, पाणी आणि श्रम यांवर पडेल, हे ठरायचे आहे. लॉयना, मोनोवित्झ आणि सेकुंडा येथे हा प्रश्न उघडपणे विचारलाच गेला नाही, आणि म्हणून त्याचे उत्तर सर्वांत दुर्बल घटकांना द्यावे लागले.